पुन्हा येईल का, सर?

माझ्या पेपरला बक्षीस मिळाल्याचं पत्र आलं, त्या दिवशी विभागात पेढे वाटले. सगळ्यांनी हात मिळवले, पाठ थोपटली. इंदुताईंनी पेढा अर्धा मोडून तोंडात टाकला, उरलेला अर्धा तळहातावर धरला आणि भिंतीवर लावलेल्या माझ्या नकाशासमोर जाऊन उभ्या राहिल्या. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी नकाशा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग म्हणाल्या,

"फार सुरेख आलाय. पुन्हा येईल का, सर?"

मला वाटलं, त्यांना एक प्रत हवी आहे. "हो, हो, छापून देतो की तुम्हाला."

"प्रत नाही म्हणत मी. सगळं पुसून पहिल्यापासून कुणी दुसरं बसलं, तर असाच येईल का?"

लोक हसले. मीही हसलो. पण तोंडातल्या पेढ्याची चव गेली ती गेलीच.

इंदुताई सैंदाणे आमच्या केंद्रात तांत्रिक सहायक होत्या. केंद्र सुरतेतलं, एका शिक्षणसंस्थेच्या मागच्या इमारतीत, आणि काम नकाशांचं. उपग्रहाची चित्रं, रस्त्यांच्या रेषा, घरांचे ठिपके हे सगळं संगणकात एकावर एक रचायचं आणि त्यातून शहराबद्दल काहीतरी सांगायचं. मी तिथे प्राध्यापक. नावापुढे डॉक्टर, भिंतीवर परदेशातल्या परिषदांची ओळखपत्रं. इंदुताई माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठ्या. जन्म बमरोलीचा. वडील अमळनेरकडून आलेले, आयुष्यभर लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, राबलेले. स्वतः इंदुताईंनी पलसाण्याच्या एका प्रोसेसिंग मिलच्या रंगाच्या लॅबमध्ये बारा वर्षं काढली होती. कापडाचा नमुना आला की तो रंग बाटलीत जुळवून दाखवायचा, हे काम. ते करता करता पदवी बाहेरून घेतली, मग नकाशांचा डिप्लोमा केला आणि चाळिशीला टेकताना आमच्याकडे लागल्या.

त्यांचं सगळंच मला खुपायचं. पदराला खोचलेलं निळं पेन, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला घालायची सवय, डबा उघडताना "घ्या ना सर" म्हणायची पद्धत. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी असायची त्यात. माझी आईही करायची. मी कधी घेतली नाही.

सगळ्यात जास्त खुपायचं ते हे, की मुलं त्यांच्याकडे जायची. माझ्या केबिनचं दार उघडं असे, माझ्याकडे पीएच.डी. करणारी धारा त्या दारावरून चालत पुढे जाई आणि इंदुताईंच्या टेबलापाशी स्टूल ओढून बसे. सगळे त्यांना इंदुबेन म्हणत. कुणाचा नकाशा तयार झाला की बाकीची मुलं त्यांचीच नक्कल करत कोरसमध्ये ओरडत, "फरी आवशे?" म्हणजे 'पुन्हा येईल?', आणि हास्याचा कल्लोळ व्हायचा. माझ्या एकाही वाक्याची त्या मुलांनी कधी नक्कल केली नाही.

त्यांची पद्धत साधी होती आणि भयंकर होती. कुठलंही काम सुरू झालं की मूळ डेटा 'कच्चा' नावाच्या फोल्डरमध्ये कुलूपबंद. त्याला कुणी हात लावायचा नाही. काय करायचं ते त्याच्या प्रतीवर. प्रत्येक पायरी लिहून ठेवायची. कुठलं बटण दाबलं, कुठला आकडा घातला, आणि तोच का घातला. आणि पेपर बाहेर जाण्याआधी त्या कामाशी संबंध नसलेल्या कुणालातरी बसवायचं. त्याने फक्त लिहिलेलं वाचून नकाशा पुन्हा करायचा. ज्याचं काम तो शेजारी बसणार, पण बोलायचं नाही. एक अक्षर नाही.

धाराची पाळी मी पाहिली. बिचारी ओठ दाबून बसली होती. समोरचा मुलगा चुकीच्या ठिकाणी अडकला तशी ती खुर्चीतून अर्धी उठली.

"बस, बेटा," इंदुताई म्हणाल्या.

"पण बेन, तिथे फक्त एक साधं—"

"ते साधं तुझ्या डोक्यात आहे. कागदावर नाही. तू लग्न करून सासरी गेलीस, की हा काय तुझ्या सासरी फोन लावणार?"

धाराने हसत हसत दोन ओळी वाढवल्या. नकाशा आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी माझ्या केबिनमध्ये परत गेलो आणि दार लावून घेतलं.

ही खोड त्यांना कुठून लागली, ते मी पार्टिशनच्या पलीकडून ऐकलं होतं. त्या मुलांना सांगत होत्या. मिलमध्ये एक कलर मास्टर होते, फार नामांकित. रंगाची रेसिपी कधी लिहीत नसत. चिमूट इकडे, थेंब तिकडे. फिरोजी रंगाचा एक लॉट त्यांनी असा काढला की व्यापारी खूश होऊन गेला आणि महिन्याने परत तोच रंग मागायला आला. तोवर मास्टरना अर्धांगाचा झटका आला होता. जीभ गेली होती. लॅबमध्ये तिघींनी रात्रंदिवस बाटल्या हलवल्या, तो फिरोजी आला नाही.

"मग मी त्यांच्या घरी गेले," इंदुताई सांगत होत्या. "नमुना घेऊन. त्यांना सगळं आठवत होतं. डोळ्यांत दिसत होतं. बोट हलवून सांगायचा प्रयत्न करत होते, आणि मला कळत नव्हतं. रडले ते. मी पण रडले. लोक म्हणाले, मोठा कलाकार गेला. मी म्हटलं, कलाकार होता, पण मागे काय ठेवलं? एवढं शिकलेला माणूस, आणि शेवटी हातात काही नाही."

पार्टिशनच्या अलीकडे मी खोकलो, म्हणजे त्यांना कळावं की मी आहे आणि ही कामाची वेळ आहे.

आता माझा नकाशा काय होता ते सांगायला हवं. बमरोली आणि पांडेसराच्या कामगार वस्त्यांमधून सगळ्यात जवळच्या सरकारी दवाखान्यापर्यंत चालत जायला किती वेळ लागतो, त्याचा तो नकाशा. जवळची घरं फिकी, लांबची गडद. परदेशी जर्नलने छापला. बक्षीस मिळालं. पालिकेतल्या एका अधिकाऱ्याने तो वाचून फोन केला, फिरता दवाखाना सुरू करायचाय, गाडी कुठे कुठे उभी करायची ते तुमच्या नकाशावरून ठरवू. माझ्या आयुष्यात माझं लिहिलेलं पहिल्यांदा कुणाच्यातरी दारापर्यंत पोचणार होतं.

पेढ्यांनंतर तीन आठवड्यांनी इंदुताई दोन कागद घेऊन केबिनमध्ये आल्या. दार त्यांनी स्वतःहून लोटून घेतलं. दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. बाहेरच्या उजेडात माझा नकाशा आणि त्यांचा नकाशा एकमेकांतून दिसू लागले. जवळपास सगळं जुळत होतं. वस्त्यांमधून वाहणाऱ्या खाडीच्या मागची एक पट्टी मात्र जुळत नव्हती. माझ्याकडे फिकी, त्यांच्याकडे काळीकुट्ट.

"तुमचं काहीतरी चुकलं असेल," मी म्हटलं.

"असेल. म्हणून तीनदा केलं."

"रस्त्यांचा डेटा बदलला असेल मधल्या काळात."

"तुम्ही घेतलात त्या तारखेचाच शोधून काढला." त्यांनी कागद खाली घेतले. "पेपरात लिहिलंय तेवढंच मी केलं, सर. न लिहिलेलं काहीतरी झालंय मधे. आठवून बघा ना. आकडा एखादा, हाताने केलेली दुरुस्ती एखादी. गाडी सुरू व्हायच्या आत."

मला आठवत नव्हतं. पण मला राग आला तो त्याचा नाही. मला राग आला, की कुणी न सांगता ही बाई तीन आठवडे आपल्या वेळात माझं काम पुन्हा करत बसली होती. आणि तिचं नीट होतं.

"ताई," मी म्हटलं, "रंग कालवणं वेगळं आणि संशोधन वेगळं. परदेशातल्या तीन तज्ज्ञांनी तपासलाय तो पेपर."

 त्यांनी कागदांची नीट घडी घातली. "त्यांनी वाचलाय, सर. केला नाही," म्हणाल्या आणि गेल्या.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी विभागप्रमुख देसाईसाहेबांकडे गेलो. म्हटलं, इंदुबेन मुलांना नको त्या शंका घेऊन वेळ घालवायला शिकवतात, त्यांना लॅबमधून काढून कार्यालयात बसवावं. त्यांचं शिक्षण काय, अनुभव काय, हेही सांगितलं. देसाईसाहेब भला माणूस. त्यांनी माझ्यासमोरच इंदुताईंना बोलावलं आणि विचारलं, "इंदुबेन, सर के पेपर में कोई गड़बड़ है क्या? साफ बोलो."

 त्यांच्या एका वाक्यावर सगळं होतं.

"सर बघतायत," इंदुताई म्हणाल्या. "त्यांचंच काम आहे, तेच सांगतील."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला वाचवलं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मी त्यांचा जेवढा द्वेष केला तेवढा आधी कधी केला नव्हता. हुशारीत त्या पुढे होत्या तेवढं माझ्यापुरतं पुरेसं होतं; मोठेपणातही त्यांनीच पुढे असायची काय गरज होती?

त्यानंतर आठवडाभर मी माझा नकाशा पुन्हा करायला बसलो. दार लावून, फोन बंद करून. तोच डेटा, तेच सॉफ्टवेअर, तोच मी. नकाशा येईना. कधी इंदुताईंचा यायचा, कधी तिसराच. खाडीमागची ती पट्टी काही केल्या फिकी होईना. माझ्याच दोन हातांनी केलेलं काम माझ्या हातांना करता येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी किती बटणं दाबली, कुठले आकडे बदलून पाहिले, त्यातला कुठला ठेवला, काही काही लिहिलेलं नव्हतं. शेवटच्या दिवशी मी स्क्रीनसमोर बसून नुसता बघत राहिलो.

इंदुताईंनी दारावर टकटक केली. काय चाललंय ते त्यांना माहीत असणारच.

"सर, इथे बसून नाही कळायचं. उद्या सकाळी येता का बमरोलीला? एकदा चालून बघू."

सकाळी नऊला आम्ही त्या वस्तीत पोचलो. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा, दारात वाळत घातलेल्या साड्या, आणि मागून खात्यांचा खडखडाट, इतका सततचा की थोड्या वेळाने ऐकू येईनासा होतो. माझ्या नकाशात इथून दवाखाना नऊ मिनिटं होता. खरंच समोर दिसत होता. खाडीच्या पलीकडे, निळ्या टाकीची ती इमारत. हाक मारली तर ऐकू जाईल एवढी जवळ.

एक म्हातारी दवाखान्यातच निघाली होती. साखरेचं दुखणं, पायाला जखम, दर आठवड्याला पट्टी बदलायला जायची. इंदुताई तिच्याशी अहिराणीत बोलू लागल्या. कुठल्या गावच्या, कुणाच्या कोण, मुलगा कुठल्या खात्यात. दोन मिनिटांत म्हातारीने त्यांचा हात धरला. मी शहाद्याचा. माझी आई मरेपर्यंत अहिराणीच बोलली. मी शेजारी उभा राहून शुद्ध मराठीत विचारलं, "आजी, खाडीवरचा पूल कुठे आहे?"

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. "पूल? कोठे शे पूल? माले दखाड भाऊ, मी आजच जास."

पूल नव्हता. कधीच नव्हता. दोन्ही बाजूंना रस्ते खाडीच्या काठाशी येऊन संपत होते, मधे काळं पाणी. फार तर चाळीस पावलांची रुंदी. मी काठाशी उभा राहून ते अंतर पाहिलं, आणि मला आठवलं.

रस्त्यांच्या डेटात रेषा जागोजागी तुटलेल्या असतात. त्या सांधायला संगणकाला सांगावं लागतं, इतक्या अंतरातली दोन टोकं सापडली तर जोडून टाक. पाच मीटर घालतात. मी पाचने सुरुवात केली होती. काम किचकट होत होतं, म्हणून एका दुपारी पन्नास घालून पाहिले. सगळं झटक्यात जुळलं. ते तसंच राहिलं. लिहायचं राहिलं. आणि त्या पन्नासने खाडीच्या दोन काठांवरचे रस्ते जोडून टाकले. जगात नसलेला पूल मी एका आकड्याने बांधला आणि त्यावरून पायाला जखम असलेल्या म्हातारीला नऊ मिनिटांत पलीकडे नेलं.

"पन्नास घातले होते मी," मी म्हटलं. "मीटर. जोडताना."

इंदुताईंनी मान डोलावली. ओरडल्या नाहीत, हसल्या नाहीत. "चला, आजींच्या बरोबर जाऊ," म्हणाल्या.

आम्ही म्हातारीच्या चालीने चाललो. मिलच्या कंपाउंडच्या भिंतीच्या कडेकडेने, मग हमरस्त्यावर, मग मोठ्या पुलावरून, मग उलट वळून. दोनदा ती बसली. इंदुताई मनगट उलटं करून घड्याळ बघायच्या आणि वहीत लिहायच्या. दवाखान्याच्या पायरीवर पोचलो तेव्हा त्रेपन्न मिनिटं झाली होती. माझा सदरा पाठीला चिकटला होता. गाडीची सगळ्यात जास्त गरज ज्या वस्तीला होती, तीच मी यादीतून काढून टाकली होती.

त्याच दुपारी मी अधिकाऱ्याला फोन केला. त्याने आवाज चढवला, मग शांत झाला, मग म्हणाला, बरं झालं आताच सांगितलंत. गाडीचा एक थांबा बदलून खाडीमागे आला. जर्नलला चूक कळवली, बक्षीस देणाऱ्या संस्थेलाही. नवा नकाशा, सगळा डेटा, सगळ्या पायऱ्या, कुणालाही उघडून पुन्हा करता येतील अशा ठेवल्या. पायऱ्या इंदुताईंनी लिहून काढल्या. तपासायला धारा बसली. मी शेजारी तोंड मिटून बसलो.

माझी नाचक्की होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. त्या क्षेत्रातल्या एका मोठ्या बाईंचं परदेशातून पत्र आलं. चूक कबूल करण्याचं धैर्य, वगैरे. शेवटी विचारलं होतं, ही तपासण्याची पद्धत तुमच्याकडे कुणी बसवली? मी उत्तर लिहिलं, आमच्या गटाने. आणि दुरुस्तीच्या टिपेत लेखक म्हणून इंदुताईंचं नाव घालायला हवं होतं, ते मी शेवटच्या आभारांच्या ओळीत घातलं, तीन नावांत तिसरं.

छापून आल्यावर त्यांनी ती ओळ वाचली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. काहीतरी बोलाव्यात, भांडाव्यात, अशी माझी इच्छा होती. म्हणजे हिशेब बरोबरीचा झाला असता.

"आडनाव बरोबर लिहिलंत," त्या म्हणाल्या. "बरेच जण सैदाणे लिहितात."

पुढच्याच वर्षी त्यांनी आमचं केंद्र सोडलं. मोजणी खात्यातल्या लोकांना आणि नव्या शिक्षकांना नकाशाचं काम शिकवणाऱ्या एका संस्थेत गेल्या. निरोपाच्या दिवशी मी परगावी परिषदेला होतो. परिषद फार महत्त्वाची नव्हती. परत आलो तेव्हा मुलांनी त्यांच्या रिकाम्या टेबलाभोवती स्टुलं तशीच ठेवली होती. वाटलं होतं, आता मुलं माझ्या दारात येतील. धारा एकदा आली. इंदुबेनचा नवा नंबर आहे का, विचारायला.

गेल्या हिवाळ्यात कामरेजला एका कॉलेजात कार्यशाळा होती. मला दुपारी बोलायचं होतं. सकाळी पोचलो तेव्हा सभागृहात इंदुताई बोलत होत्या. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव माझ्या वर होतं, ते मी आधीच पाहिलं होतं. मी मागच्या दाराने आत जाऊन खांबाआड उभा राहिलो. केस बरेच पांढरे झाले होते. पडद्यावर कामरेज भागातल्या शेतांचा त्यांनी केलेला एक नकाशा होता आणि सभागृहातले दीडशेएक लोक आपापल्या लॅपटॉपवर तोच करत होते.

मधल्या रांगेतला एक तरुण शिक्षक उभा राहिला. चाचरत म्हणाला, "बेन, तुम्ही दिलेल्या पायऱ्यांनी माझं येत नाही. नदीकाठची शेतं वेगळी येतात. माझंच चुकत असेल..."

इंदुताई व्यासपीठावरून खाली उतरल्या. भाषण तसंच सोडून. त्या मुलाच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या, चष्मा नाकावर घेतला आणि त्याच्या स्क्रीनमध्ये डोकं घातलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. लोक कुजबुजू लागले. संयोजक घड्याळ दाखवत होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. एकदा त्यांनी मुलाला काहीतरी विचारलं, एकदा त्याने त्यांना काहीतरी दाखवलं. आणि मग त्या मागे टेकल्या आणि मोठ्याने हसल्या. सभागृहभर ऐकू गेलं ते हसणं.

"अरे, माझंच चुकलंय!" त्या म्हणाल्या. "चार वर्षं झाली, कुणाला सापडलं नव्हतं. बघा, बघा, इकडे या सगळे."

लोक उठून त्यांच्याभोवती गोळा झाले. गर्दीच्या फटीतून मला त्यांचा चेहरा दिसला. एखाद्या मुलीला हरवलेलं कानातलं सापडावं, तसा. माझी चूक मला सापडली तेव्हा माझा चेहरा कसा होता, ते मला माहीत आहे. त्यांच्या हुशारीचा, त्यांच्याकडे जाणाऱ्या मुलांचा, त्यांच्या पद्धतीबद्दल विचारणाऱ्या त्या परदेशी पत्राचा मी आजवर केलेला हेवा त्या चेहऱ्यापुढे काहीच नव्हता. तसा चेहरा माझा कधी होणार नाही, हे मला खांबाआडून स्वच्छ दिसत होतं.

त्यांनी मान वर केली असती तर मी दिसलो असतो. त्यांनी केली नाही; त्या मुलाने सांगितलेलं काहीतरी आपल्या वहीत लिहून घेत होत्या. मी मागच्या दाराने बाहेर आलो, संयोजकाला तब्येत बरी नाही असा निरोप पाठवला आणि हायवेवर येऊन सुरतेच्या बसची वाट बघत उभा राहिलो.